सोमवारच्या प्लेटा

एक

दोन माणसं गेली होती, आणि दोघांच्याही कागदावर लिहिलेलं होतं की औषध लागू पडेल.

पहिला गेला तेव्हा कुणी फारसं काही बोललं नाही. आयसीयूत माणसं जातात. दुसरी गेली तेव्हा मात्र आयसीयूच्या डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट टेबलावर शेजारीशेजारी ठेवले. रक्तात शिरलेला जिवाणू तोच. बाकी सगळी औषधं थकली की कपाटातून काढायचं ते राखीव औषधही तेच. दोन्ही रिपोर्टांवर शिक्का तोच, 'लागू'. आणि आता चार नंबरच्या खाटेवर शाळेची बस चालवणारी एक बाई सहा दिवस त्याच औषधावर होती आणि तिचा ताप तसूभर हलत नव्हता.

मंगळवारी सकाळी हॉस्पिटल चालवणाऱ्या साहेबांनी सूक्ष्मबाईला बोलावून घेतलं.

सूक्ष्मबाई म्हणजे हॉस्पिटलच्या जिवाणूंच्या लॅबची प्रमुख. अंगापिंडाने अशी की अरुंद दारातून तिरकं व्हावं लागे, त्यामुळे हे नाव ठेवणाऱ्याचा हेतू काही शुद्ध नव्हता. पण अठरा वर्षांत ते इतकं चिकटलं होतं की तिच्या नवऱ्यालाही फोनवर कुणी 'सूक्ष्मबाई आहेत का' विचारलं तर तो न हसता 'देतो' म्हणे. कोणता जिवाणू कोणत्या औषधाला जुमानेनासा झालाय यावर डोळा ठेवायचा आणि दर तीन महिन्यांनी त्याचा तक्ता काढायचा, हे तिचं काम. ते काम कुणाला दिसत नसे. गेल्या तिमाहीत मात्र दिसलं. न जुमानणारे जिवाणू शंभरात बेचाळीस होते, ते चोवीसवर आले. साहेबांनी तो आलेख फ्रेम करून खुर्चीमागच्या भिंतीवर लावला होता.

साहेबांचं म्हणणं सरळ होतं. रिपोर्ट म्हणतो औषध लागू आहे. पेशंट बरा होत नाही. म्हणजे औषध पेशंटपर्यंत पोचतच नाही. कुणीतरी कुपीतलं औषध पळवतंय आणि पेशंटला पाणी टोचतंय. कपाटाची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. आयसीयूच्या मोठ्या सिस्टर, ज्यांना सगळं हॉस्पिटल अक्का म्हणतं, त्यांना सकाळीच घरी पाठवलं होतं. शुक्रवारी बारा वाजता चौकशी समिती बसेल. सत्तावीस वर्षांची नोकरी, पुढच्या वर्षी निवृत्ती. सगळं त्या एका बैठकीत जाणार.

सूक्ष्मबाईने फक्त एका ओळीखाली सही करायची होती. ओळ टाइप करून तयार होती: 'प्रयोगशाळेचे अहवाल अचूक आहेत.'

ती ओळ तिने दोनदा वाचली. अहवाल अचूक नाहीत असं म्हणायला तिच्याकडे काहीच नव्हतं. आणि अक्का चोर आहेत असं मानायलाही काहीच नव्हतं. तिने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं.

"शुक्रवारी देते," ती म्हणाली.

दोन

आयसीयूच्या डॉक्टरांना सगळे घाईवाले म्हणत. ते चालत चालतच बोलले. त्यांनी पाच वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट सांगितली: मला रिपोर्टवर चालावं लागतं. सूक्ष्मबाईने विचारलं, मग चार नंबरला दुसरं औषध का देत नाही? ते थांबले. या औषधानंतर उरतं ते एकच, जुनं, मूत्रपिंडं खाणारं. तुमचा रिपोर्ट 'लागू' म्हणत असताना मी ते कुठल्या तोंडाने सुरू करू? ते लागलं आणि मूत्रपिंडं गेली तर समिती माझ्यावर बसेल.

म्हणजे डॉक्टर लॅबकडे बोट दाखवणार, लॅब रिपोर्टकडे, आणि मधे चार नंबरची बाई.

तिचा नवरा बाहेरच्या बाकावर होता. मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत बायकोचे बूट. आल्या दिवशी कुणीतरी ते त्याच्या हातात दिले होते, तेव्हापासून तो ते सोडत नव्हता. सूक्ष्मबाईला पाहून त्याने बूट फक्त जरा जवळ ओढले.

आत जाऊन तिने खाटेवरची नुकतीच संपलेली सलाइनची बाटली काढून घेतली. औषध तिच्यातूनच गेलं होतं, तळाशी चमचाभर उरलं होतं. कपाटातली कुपी तपासून काय उपयोग, उरलेल्या कुप्या चांगल्याच असणार असं साहेब म्हणाले असते. पण हे थेंब शिरेच्या दारातले होते.

लॅबमध्ये येऊन तिने स्वतः दोन गोष्टी लावल्या. एका प्लेटवर औषधाला सहज मरणारा जिवाणू सारवला आणि वर बाटलीतला थेंब टाकला. पाणी असेल तर काही मरणार नाही. दुसऱ्या प्लेटवर चार नंबरच्या रक्तातला जिवाणू सारवला आणि वर राखीव औषधाची टिकली ठेवली.

ही तपासणी म्हणजे जुनं, गरीब, प्रामाणिक काम. गोल प्लेटमध्ये अगारचा, म्हणजे थिजवलेल्या शेवाळी चिकाचा थर असतो. त्यावर जिवाणू सारवायचा, औषध मुरवलेली कागदी टिकली ठेवायची आणि प्लेट रात्रभर उबेत सोडायची. सकाळपर्यंत जिवाणू सगळीकडे उगवतो, फक्त टिकलीभोवती रिकामं वर्तुळ राहतं. या औषधाला तेवीस मिलिमीटर किंवा जास्त असेल तर लागू. एकोणीस किंवा कमी असेल तर औषध गेलं कामातून. हे सगळं आपोआप करणारं एक यंत्रही लॅबमध्ये होतं. चौदा महिने ते एका सुट्या भागाची वाट बघत कव्हरखाली बसलेलं होतं आणि त्यावर लोक डबे ठेवत.

बाहेरच्या मोठ्या लॅबला नमुना पाठवला तर उत्तर यायला आठ दिवस लागणार होते. शुक्रवार तीन दिवसांवर होता.

तीन

(तिने तिघांना विचारलं. तिचे प्रश्न सगळ्यांना सारखेच होते: गेल्या तीन महिन्यांत काय बदललं, आणि तुम्हाला काय खटकलं. खाली फक्त उत्तरं.)

भांडारवाले, ज्यांना किल्ल्यांच्या जुडग्यामुळे कुलूपराव म्हणतात:

"औषध मी मोजून देतो, मोजून घेतो. रिकाम्या कुप्यासुद्धा परत घेतो. अक्कांचा हिशेब सत्तावीस वर्षांत एका कुपीने चुकलेला नाही, चुकला असता तर मला आनंदच झाला असता, त्या मला फार बोलतात. बदललं काय? काहीच नाही. माझ्याकडे काही बदलत नाही. तुमच्या लॅबचंच बघा, अगारच्या पावडरीचे तिमाहीला पाच डबे, दहा वर्षं पाच म्हणजे पाच. सहावा हवा तर वरून सही आणा."

वर्तुळं मोजणारा टेक्निशियन, टोपणनाव मिलिमीटर:

"मॅडम, मी पट्टीने नाही, कॅलिपरने मोजतो. पहिला तेवीस. दुसरी चोवीस. चार नंबर तेवीस. काठावर असतील, पण काठावर पास म्हणजे पास, नियम तुम्हीच शिकवलाय. मी ढिला पडलोय असं वाटत असेल तर सोमवारचा कंट्रोल बघा, एकही सोमवार चुकलेला नाही. खटकलं म्हणजे… प्लेटा हल्ली कडेने लवकर सुकतात. आणि मागच्या बाजूला पेनाने लिहिलेला नंबर पुढून वाचता येतो, पूर्वी अंधूक दिसायचा. मला वाटलं माझा चष्मा नवा आहे म्हणून."

अगार शिजवून प्लेटा ओतणारा, लॅबचा आचारी:

"माझं काय मॅडम, मी शिजवतो, ओततो, थंड करतो, फ्रिजमध्ये रचतो. पूर्वी गुरुवारपर्यंत प्लेटा संपायच्या आणि तुम्ही ओरडायचात. आता कधी कमी पडल्या? तुम्हीच मागे म्हणालात, आचारी, आता कसं सुरळीत चाललंय. सोमवारी कंट्रोलच्या प्लेटा तर मी स्वतः झाकून घेऊन येतो. कंट्रोल चुकला नाही पाहिजे. त्या एका वेळेनंतर मी चुकू देत नाही."

त्या एका वेळेचं तिला अंधुक आठवलं. दर सोमवारी ठरलेल्या उत्तराचा एक जिवाणू तपासतात, लॅब बरोबर मोजते का हे बघायला. तोच कंट्रोल. पाच महिन्यांपूर्वी तो एकदा चुकला होता आणि तिने आचाऱ्याला सगळ्यांसमोर झाडलं होतं.

ती खुर्चीत बसली. समोर सह्यांसाठी कागदांचा गठ्ठा होता. विचार दुसरीकडे ठेवून तिने अर्धा गठ्ठा सह्या करून संपवला, रोजच्यासारखाच, वरची ओळ बघून.

चार

संध्याकाळी अक्का तिच्या घरी आल्या. युनिफॉर्मशिवाय त्यांना पाहून सूक्ष्मबाई क्षणभर ओळखू शकली नाही. कमरेला किल्ली नव्हती आणि हात सारखा त्या जागी जात होता.

रडणं वगैरे त्यांच्या स्वभावात नव्हतं. त्या आल्या होत्या चार नंबरबद्दल सांगायला: तिची कूस दर दोन तासांनी बदलायला सांगा, नव्या पोरी विसरतात.

सूक्ष्मबाईच्या नवऱ्याने चहा टाकला. हा माणूस आयुष्यभर इमारतींचे नकाशे काढून निवृत्त झालेला, काटेकोर. दूध दोघांपुरतंच उरलं होतं आणि माणसं तीन झाली होती. त्याने कपाटातून पाहुण्यांचा सोनेरी काठाचा कप काढला, तो काठोकाठ भरला, आणि उरलेलं आपल्या दोघांच्या रोजच्या कपांत अर्धंअर्धं ओतलं. सूक्ष्मबाईच्या कपाचा तळ दिसत होता.

"बाई," अक्का म्हणाल्या, "तुमची सही पडली की माझं संपलं. मी तुम्हाला सही करू नका म्हणायला आले नाही. खरं असेल तर करा. पण खरं असेल तरच."

"अक्का, उद्या सकाळी बाटलीचा निकाल आहे."

"बाटलीत औषधच निघेल. मी स्वतः घातलंय."

नवरा स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाला की अगं, त्यांना बिस्किटं तरी दे. सूक्ष्मबाईने डबा उघडला, तोही रिकामा. तिने तो इतक्या जोरात लावला की अक्काच दचकल्या.

पाच

बुधवार, सकाळी आठ.

पहिली प्लेट: थेंबाच्या जागी स्वच्छ वर्तुळ. बाटलीत औषध होतं, चांगलं, पूर्ण ताकदीचं.

म्हणजे अक्का निर्दोष. तिने सुटकेचा श्वास घेतला आणि दुसरी प्लेट उचलली.

दुसरी प्लेट: चार नंबरचा जिवाणू. तिने कॅलिपर लावला. मग मिलिमीटरला बोलावून त्याला लावायला सांगितलं.

तेवीस.

औषध खरं. जिवाणू त्या औषधाला मरणारा. औषध शिरेतून गेलेलं. आणि बाईला एकशे तीन ताप, सातवा दिवस. चारही गोष्टी एकत्र खऱ्या असणं शक्य नव्हतं, आणि चारही तिने डोळ्यांनी पाहिल्या होत्या.

तिने साहेबांना फोन केला, बाटलीबद्दल सांगायला. साहेब म्हणाले, एक बाटली चांगली निघाली म्हणजे मागच्या सगळ्या चांगल्या होत्या असं होतं का? कालपासून किल्ली दुसऱ्याकडे आहे, काल चांगलीच निघणार. सूक्ष्मबाईने सांगितलं की बाटली लटकवली तेव्हा अक्काच ड्युटीवर होत्या. साहेब म्हणाले, ते समितीला सांगा. आणि तुमची ओळ?

तिने फोन ठेवला तो जागेवर नीट बसला नाही. तिने तो परत उचलून परत ठेवला. तिसऱ्यांदा बसला.

सहा

दुपारी ती स्वतःच्याच तक्त्यासमोर बसली. साहेबांच्या भिंतीवर लटकलेला आलेख याच तक्त्यातून निघाला होता. तिने तो रोज पाहिला होता, पण एकूण बेरजेकडे पाहिलं होतं, रकान्यांकडे नाही.

एकेक रकाना.

राखीव औषध: न जुमानणारे कमी झाले. ठीक.

दुसरं औषध, जे हॉस्पिटल चार वर्षं वापरतच नाही: कमी झाले.

तिसरं, जे उलट दुप्पट वापरलं जातंय: कमी झाले.

आयसीयूत कमी झाले, बाळंतिणींच्या वॉर्डात कमी झाले, बाहेरून येऊन तपासून जाणाऱ्यांतही कमी झाले. सगळे एकाच पंधरवड्यापासून, एखाद्याने पडदा ओढावा तसे. जिवाणू शहाणे होतात ते एकेक औषधासमोर, एकेका जागी. सगळ्या वॉर्डांतले सगळे जिवाणू एका मंगळवारी बैठक घेऊन शरण येत नाहीत.

आणि तळाशी ती ओळ होती. चार नंबरच्या रक्तात होता त्या जातीचा जिवाणू एका जुन्या, साध्या औषधाला जन्मतःच जुमानत नाही. ते त्याच्या पिंडातच आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ते पाठ असतं. तिच्या तक्त्यात लिहिलं होतं की एकशे दहापैकी सात जणांना ते औषध लागू पडलं.

सात. मासे पाण्यात बुडून मेले असं लिहिल्यासारखं ते होतं. आणि त्याखाली तिची सही होती.

म्हणजे चोरी औषधाची नव्हती. वर्तुळंच फुगत होती. लॅबमध्ये. तिच्या लॅबमध्ये.

तो पंधरवडा कोणता? तिने भिंतीकडे पाहिलं. तिचंच परिपत्रक तिथे चिकटवलेलं होतं, तारखेसकट: 'गंभीर संसर्गाचा एकही नमुना यापुढे परत पाठवू नये. प्रत्येक नमुना तपासला जाईल.' पाळत चांगली ठेवायची तर सगळे नमुने हवेत, म्हणून तिने भांडून काढलेलं. नमुने दीडपट झाले होते.

पंधरवडा तोच होता.

सात

तिने संशयितांना डोक्यात ओळीने उभं केलं.

साहेब: आलेख त्यांना हवा होता. पण साहेब कागदावरचा आकडा बदलू शकतात, प्लेटवरचं वर्तुळ नाही. तेवीस तिने स्वतः मोजले होते.

कुलूपराव: टिकल्या त्यांच्याकडून येतात. पण खराब टिकलीचं औषध कमी होतं, वर्तुळ लहान होतं. मोठं नाही.

मिलिमीटर: नजर चुकली म्हणावं तर तिचीही चुकली, आणि दोघांची एकाच मिलिमीटरने?

उरतो कंट्रोल. आणि इथे येऊन सगळं अडकत होतं. लॅब चुकत असेल तर सोमवारचा ठरलेल्या उत्तराचा जिवाणूही चुकायला हवा. तेरा सोमवार तो एकदाही चुकला नव्हता. लॅब सोमवारी बरोबर होती आणि मंगळवार ते रविवार चुकत होती.

सोमवारी वेगळं काय असतं?

ती उठून फ्रिजकडे गेली. प्लेटांच्या चळती नीट रचलेल्या. वर्षानुवर्षं गुरुवारी रिकामं दिसणारं शेल्फ आज बुधवारी भरगच्च. तळाच्या कोपऱ्यात एकच प्लेट वेगळी होती. झाकणावर निळ्या पेनाची खूण. सोमवारची उरलेली.

तिने एका हातात निळ्या खुणेची घेतली, दुसऱ्या हातात शेल्फवरची. दोन्ही उजेडाला धरून पाहिल्या. फ्रिजचं दार उघडं राहिल्याचं ते यंत्र टिंटिं करून सांगत होतं.

डोळ्यांसमोर सोनेरी काठाचा कप आला. भांडं तेच, चहा तोच. पाहुण्याचा काठोकाठ आणि आपला तळ दिसणारा.

तिने मग एकच गोष्ट केली, अदलाबदल. सोमवारचा कंट्रोल शेल्फवरच्या प्लेटवर लावला. चार नंबरचा जिवाणू निळ्या खुणेच्या प्लेटवर. दोन्ही उबेच्या कपाटात ठेवल्या, त्याला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

घरी जाताना ती आयसीयूवरून गेली. चार नंबरची कूस बदललेली नव्हती. तिने ती बदलायला लावली.

आठ

गुरुवारी नऊ वाजता तिने चौघांना आचाऱ्याच्या खोलीत बोलावलं: घाईवाले, कुलूपराव, मिलिमीटर आणि स्वतः आचारी. खोलीत वाफेचा आणि शिजलेल्या अगारचा वास होता. घाईवाले दारातच घड्याळ बघत उभे राहिले.

तिने मिलिमीटरला दोन्ही प्लेटा मोजायला दिल्या.

कंट्रोल, शेल्फवरच्या प्लेटवर: सदतीस. पस्तीसच्या वर जायला नको होता.

चार नंबर, निळ्या खुणेच्या प्लेटवर: अठरा.

अठरा म्हणजे काय हे आचाऱ्याखेरीज सगळ्यांना कळत होतं. घाईवाल्यांनी खिशातून फोन काढला आणि तिथूनच जुनं औषध सुरू करायला सांगितलं, मूत्रपिंडांवर लक्ष ठेवून. मग ते आत आले आणि स्टुलावर बसले. त्यांना बसलेलं कुणी पाहिलेलं नव्हतं.

सूक्ष्मबाईने ड्रॉवरमधून पोलादी पट्टी काढली आणि दोन्ही प्लेटांच्या अगारमध्ये उभी खुपसली. निळ्या खुणेच्या प्लेटचा थर चार मिलिमीटर. शेल्फवरच्या प्लेटचा अडीचसुद्धा नाही. मिलिमीटरने डोक्याला हात लावला. नंबर आरपार दिसत होते, कडा सुकत होत्या. चष्मा निर्दोष होता.

तिने समजावून सांगितलं, मुख्यतः आचाऱ्याला. टिकलीतलं औषध बाजूला पसरतं आणि खालीही मुरतं. खाली थरच नसेल तर जाणार कुठे? सगळं बाजूला पसरतं. वर्तुळ फुगतं. एकोणीस असेल तिथे तेवीस दिसतात. काठाखालचे सगळे काठावर येऊन पास होतात.

आचारी ऐकत होता. त्याचा चेहरा हळूहळू बदलला.

"मला वाटायचं, लवकर वाळू नयेत म्हणून जाड ओततात," तो म्हणाला. "बावीस वर्षं ओततोय. का ओततो ते कुणी सांगितलं नाही मॅडम."

"पण पातळ का करायला लागलात?"

"एका लिटरच्या चाळीस प्लेटा होतात. तुम्ही परिपत्रक काढलंत, सॅम्पलं साठची झाली. पावडर तेवढीच. मी काय करणार होतो?"

"आणि सोमवारच्या?"

"त्या तुमच्यासमोर यायच्या असतात. त्या मी पहिल्यांदा भरून ओततो आणि खूण करून ठेवतो." त्याने निळ्या खुणेच्या प्लेटकडे बोट केलं. "चांगलं ते पुढे ठेवायचं असतं ना."

कुलूपराव म्हणाले की बाबा, पावडर कमी पडते तर सांगायचंस की कुणाला तरी.

आचारी मागे वळला. कढईवजा मोठ्या भांड्यामागून त्याने एक फाइल काढली. वाफेने कागद लहरी झालेले होते. तीन अर्ज. 'नमुने वाढल्यामुळे पावडरीचे तीन डबे जादा मिळावेत.' तिन्हींवर तारखा, तिन्ही तिच्याच टेबलावरून परत आलेले. तिन्हींवर एकाच अक्षरात, एकाच घाईत, एकच शेरा: 'उपलब्ध साठ्यात भागवा.'

खाली सही होती. सूक्ष्मबाईला ती ओळखायला चष्मा लागला नाही.

"मग मी भागवलं," आचारी म्हणाला.

नऊ

शुक्रवार. बारा वाजता. समितीत साहेब, दोन जण, आणि पाण्याचा एक जग ज्यातून कुणी प्यायलं नाही.

साहेबांना अहवाल आधीच पोचला होता आणि त्यांनी त्यातून वाट काढली होती. उत्तम, ते म्हणाले, अक्कांना आजच परत घेऊ. चूक आचाऱ्याची आहे हे उघड आहे. वर्ग चार, ठरलेल्या पद्धतीपासून विचलन, दोन मृत्यू. नाव बदललेला मसुदा तयार होता. फक्त अक्कांच्या जागी त्याचं नाव. उरलेल्या ओळी तशाच्या तशा, स्वल्पविरामासकट.

सूक्ष्मबाईने तो बाजूला सारला आणि स्वतःचा कागद पुढे केला. त्यावर हाताने लिहिलेल्या चार ओळी होत्या.

'प्रयोगशाळेचे गेल्या तिमाहीतले अहवाल चुकीचे आहेत. प्लेटा पातळ ओतल्या गेल्या कारण पावडर नव्हती. पावडर तीनदा मागितली गेली. "भागवा" असं मी लिहिलं, अर्ज न वाचता.'

साहेब म्हणाले, यावर सही करू नका. ते तिच्या भल्याचंच सांगत होते, आणि त्याचाच तिला सगळ्यात जास्त राग आला. तिने सही केली. मग भिंतीकडे बघून म्हणाली की तो आलेखही उतरवावा लागेल. नव्याने मोजलं तर बेचाळीसच्या वरच जाईल.

साहेब म्हणाले, बघू.

बाहेर अक्का उभ्या होत्या. युनिफॉर्म, कमरेला किल्ली. त्यांना सगळं कळलेलं होतं. हॉस्पिटलमध्ये बातमी जिन्याने चढत नाही, पाइपातून जाते. सूक्ष्मबाईला वाटलं त्या आभार मानतील, आणि त्यापेक्षा त्यांनी चार शिव्या द्याव्यात असंही वाटलं.

"त्या दोघांच्या घरच्यांना कोण सांगणार?" अक्कांनी विचारलं.

"मी."

"मी येते बरोबर," अक्का म्हणाल्या. "दारात तुम्हाला बोलायला जमणार नाही."

दहा

चार नंबरचा ताप रविवारी उतरला. मूत्रपिंडं अर्ध्यावर आली पण टिकली. बुधवारी तिने आपले बूट मागितले, तेव्हा नवऱ्याने ते पिशवीतून काढून खाटेखाली जोडीने ठेवले, डावा डावीकडे, उजवा उजवीकडे.

सूक्ष्मबाईला खुलासा मागणारी नोटीस आली. ती तिने फाइलला लावली.

सोमवारी आचाऱ्याने पावडरीचा चौथा अर्ज दिला. तिने तो शब्दन् शब्द वाचला, खाली शिफारस लिहिली, आणि शिपायाकडे न देता स्वतः साहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. मंगळवारी तो परत आला. साहेबांचं अक्षर तिच्यापेक्षा चांगलं होतं. शेरा मात्र तोच: 'उपलब्ध साठ्यात भागवा.'

आलेख भिंतीवर होता. अर्ज ठेवायला गेली तेव्हा तिने तो पाहिला होता.

त्या आठवड्यात आचाऱ्याने पट्टी लावून प्लेटा ओतल्या, चार मिलिमीटर, लिटरला चाळीस. झाकणांवर निळी खूण केली नाही. तिने विचारलं तर म्हणाला, आता सगळ्याच सोमवारच्या आहेत.

आयसीयूपुरत्या प्लेटा तिने वेगळ्या कुलपात ठेवल्या. बाकीच्या गुरुवारी सकाळी अकराला संपल्या. मिलिमीटरने शेल्फ पुसून घेतलं. सूक्ष्मबाईने परिपत्रक भिंतीवरून काढलं, त्याच्याच पाठीवर जाड पेनाने लिहिलं, 'प्लेटा संपल्या. नमुने सोमवारी', आणि ते खिडकीत लावलं.

सव्वाअकराला फोन वाजला. साहेब होते. वॉर्डांमधून नमुने परत येतायत, चार जणांनी तक्रार केली, हे काय चाललंय? भागवायला सांगितलं होतं ना?

तिने रिकाम्या शेल्फकडे पाहिलं. तळाचा पत्रा तीन महिन्यांत पहिल्यांदाच दिसत होता.

"भागत नाही, साहेब," ती म्हणाली.

फोन तिने ठेवला नाही. त्यांनी ठेवायची वाट बघत ती तशीच उभी राहिली.